इद्रिस गिरणीच्या दारात आला तो दिवस

प्रिय आई,

काल इद्रिसचा फोन आला. आपला इद्रिस, सुदानचा. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून मी आधी कटच केला, म्हटलं कर्जवाले असतील. परत वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडून आवाज आला, "शोभा, गिरणी चालू है क्या?"

मला इतकं हसू आलं! आणि मग लगेच त्यानं विचारलं, "आई कैसी है?"

त्याला माहीतच नव्हतं गं. तू गेल्याला वर्ष होत आलं, पण तिकडं लढाई पेटल्यापासून त्याचा फोन बंद, पत्ता बंद. कळवणार कुठं? मी सांगितलं. फोन कट झाला असं वाटून मी आपली "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग त्यानं मोठ्यांदा नाक शिंकरलं आणि म्हणाला, "वो पहला दिन याद है तेरे को?"

आणि मग पन्नाशी उलटलेली आम्ही दोघं असे हसलो, की तुझे जावई हातातलं वर्तमानपत्र टाकून बघायला आले, हिला झालं तरी काय!

त्या दिवसाची माझी बाजू मला पाठ आहे. तुझी बाजू तू मीठमसाला लावून इतक्यांदा सांगितलीस, की तीही पाठ आहे. त्याची बाजू मात्र मी काल पहिल्यांदा ऐकली. त्यातलं बरंच तुला माहीत नसणार. आणि एक गोष्ट अशी निघाली, की ती तुला माहीत होती आणि मलाच नव्हती! म्हणून लिहितेय. थोडं सांगायला आणि थोडं भांडायला.

बाबा जाऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं असेल. बेगमपुऱ्यातलं हेच आपलं घर, खाली पुढं गिरणी, मागं स्वयंपाकघर, वर एक रिकामी खोली. बाबा होते तोवर तू गिरणीच्या मोटारला हात लावला नव्हतास. ते गेले, आणि महिना उलटायच्या आत तू पट्टा चढवायला शिकलीस, जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला शिकलीस. कमलबाई हे नाव गल्ली विसरली. तू गिरणीवाली बाई झालीस.

आबाकाकांना ते बघवत नव्हतं. बाबांचे थोरले भाऊ, वैजापूरला शेती. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं एकच पालुपद असायचं. "बाईमाणसानं पट्टे ओढायचे नाय. गिरणी इकून टाका, वैजापूरला चला. पोरीचं मी बघतो." पोरीचं बघतो म्हणजे काय, ते मला चांगलं कळत होतं. मी अकरावीला होते, सायन्सला. वैजापूरला गेले असते तर पुस्तकं माळ्यावर आणि मी बोहल्यावर!

तू दर वेळी "बघू, भावजी" म्हणून टाळायचीस. पण त्यांना एखादं निमित्त मिळालं असतं, तर तुझ्या 'बघू'ला कुणी विचारलं नसतं. आणि ते निमित्त त्या दिवशी आपल्या पायांनी चालत दारात येऊन उभं राहिलं. चांगलं दाराच्या चौकटीएवढं उंच!

तेही नेमकं आबाकाका ज्वारीचं पोतं घेऊन येणार होते त्या दिवशी.

आता त्याची बाजू ऐक. त्यांच्या गावच्या कुणा मुलानं त्याला आपल्याच गल्लीत खोली ठरवून दिली होती. घरमालक म्हणजे ते समोरचे. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरचा फराळ अजून दिवाळीला येतो. पत्रापत्री झाली होती, सगळं पक्कं होतं. इद्रिस विमानानं मुंबईला उतरला, रेल्वेत बसला, मनमाडला गाडी बदलली. त्या गडबडीत हमालानं त्याची ट्रंक भलत्याच डब्यात ठेवली. औरंगाबादच्या स्टेशनावर तो उतरला तेव्हा त्याच्याकडं होती एक हातातली पिशवी. तिच्यात सर्टिफिकिटं आणि आईनं दिलेली अत्तराची बाटली. बस्स!

रिक्षानं तो समोरच्या बंगल्याशी आला. मालकांनी दार उघडलं, याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, खोली कालच गेली.

"मेरे को समझ गया था," काल तो म्हणाला. "कमरा खाली था. खिडकी में से दिख रहा था." त्यानं तिथंच ठरवलं, की आल्या पावली परत जायचं. आपल्या वडलांना तार करायची, की मला नको हे शिक्षण. तो वळला, आणि त्याला वास आला.

ज्वारी दळल्याचा!

आई, तू जन्मभर सांगत आलीस, की पोरगं बिचारं उन्हानं चक्कर येऊन आपल्या दारात टेकलं. काही चक्करबिक्कर नव्हती. त्यांच्याकडं ज्वारीचीच भाकरी असते, आपल्याहून पातळ. तो लहानपणी आईचं बोट धरून दळायला जायचा. विमान, रेल्वे, रिक्षा एवढं सगळं करून जिथं एक ओळखीची गोष्ट दिसली नाही, तिथं भिंतीआडून त्याच्या गावचा वास आला. वासामागं चालत तो आपल्या दारात आला.

तेवढ्यात तू बाहेर आलीस. दळता दळता नुकतीच उठलेली. पदर पांढरा, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. काल त्यानं त्याला तेव्हा काय वाटलं ते सांगितलं. म्हणाला, "मेरे को बोले थे, हिंदुस्तान से अंग्रेज चले गए. मैं बोला, एक तो बाकी है!"

आणि तू त्याला काय विचारलंस? परदेशातून शिकायला आलेल्या पोराशी बोललेलं तुझं पहिलं वाक्य कोणतं?

"दळण कुठंय? बिनडब्याचा आलास व्हय?"

तो काय बोलणार! तो सरळ आत शिरला, पोत्यात हात घातला, मूठभर ज्वारी काढली आणि नाकाशी नेऊन ओरडला, "दुरा! दुरा!" त्यांच्याकडं ज्वारीला दुरा म्हणतात. तू मान डोलावलीस. "दूरचा हाय म्हणतंय." आणि मग जिन्याकडं तोंड करून अख्ख्या बेगमपुऱ्याला ऐकू जाईल अशी हाक मारलीस, "शोभे! ए शोभे! खाली ये, इंग्रजी आलंय!"

मी फिजिक्सचं पुस्तक छातीशी धरून खाली आले. ग्रामरमध्ये मी वर्गात पहिली. पण इंग्रजी बोलायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं ना! माझ्या तोंडून एका दमात निघालं, "व्हॉट इज युवर नेम, यू आर वेलकम, थँक यू." तो "इद्रिस" म्हणाला, "सुदान" म्हणाला, पुढं बरंच काही म्हणाला. त्याचं इंग्रजी एका तऱ्हेचं, माझं दुसऱ्या. मधे तुझी मोटार घरघरत होती. मी तुला सांगितलं, "सुदानचा आहे."

"सुदान म्हंजे कुठं आलं? पैठणच्या पल्याड?"

"आफ्रिकेत, आई."

"एवढ्या लांबून? आन् जेवला का ते इचार की आधी!"

माझ्या इंग्रजीनं हात टेकल्यावर तू भिंतीवरून शेजारच्या रझिया खालांना हाक मारलीस. तुझं गणित सोपं होतं. पोरगं सलाम करतंय, म्हणजे अरबी असणार. खाला रोज पहाटे अरबी वाचतात, म्हणजे त्यांना येणार. खालांनीही ते नाकारलं नाही. ओढणी नीट केली आणि मोठ्या दिमाखात आल्या. "अस्सलामु अलैकुम," म्हणाल्या. त्यानं उत्तर दिलं, आणि आपली भाषा समजणारं माणूस भेटलं म्हणून त्याचा बांधच फुटला. हातवारे काय, आवाज काय! खालांचे डोळे भरून आले. तो जरा थांबला, की त्या म्हणायच्या, "आमीन."

त्यानं ट्रंकेचं सांगितलं. "आमीन." समोरच्यांनी दार लावलं ते सांगितलं. "आमीन." काल तो म्हणाला, "मैं सोचा, इस मुल्क में ट्रंक चोरी हो जाए तो लोग दुआ करते क्या!"

शेवटी तो दमला. छातीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "अना गरीब."

हे मात्र खालांना कळलं! "देखो, बोला ना," त्या तुला म्हणाल्या. "गरीब हूँ बोलरा बिचारा."

आई, त्यांच्या भाषेत गरीब म्हणजे परका. मी इथं परका आहे, एवढंच तो म्हणत होता. ते आपल्याला नंतर कळलं, पण त्या दिवशी दुपारी कळलं असतं तर काय बिघडलं असतं! तू आणि खाला दोघींनी मिळून तासाभरात गल्लीभर दवंडी पिटली. खालांकडून बादली आली. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून चादर आली. कुणी अर्धा साबण दिला, कुणी कान तुटलेला कप दिला, कुणी सतरंजी. समोरच्या बंगल्यातूनसुद्धा एक जुनी छत्री आली. त्यांच्या मनाला काहीतरी टोचलं असणार.

आणि तो ते सगळं दोन्ही हातांनी घेत होता, छातीला लावत होता, वाकून आभार मानत होता. ते का, हे काल कळलं! त्याला वाटलं, इकडची रीतच आहे. त्यानं वडलांना पहिल्या पत्रात लिहिलं, की इथली माणसं फार सुसंस्कृत आहेत, नवा विद्यार्थी आला की त्याला बादली देतात.

आता जेवणाचं. तू पाट मांडलास आणि म्हणालीस, "बस." तो पाण्याच्या तांब्याकडं हात नेत होता, त्यानं तो मागं घेतला. तू परत म्हणालीस, "बस रे बाबा, बस." तो दोन पावलं मागं सरकला. त्यांच्याकडं बस म्हणजे पुरे! बिचाऱ्याला वाटलं, ही बाई ताट दाखवते आणि पुरे पुरे म्हणते. शेवटी तूच पाटावर धप्पकन बसून दाखवलंस, उठलीस आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली दाबलंस. तेव्हा कुठं तो बसला.

भाकरी, वरण, कांदा आणि तुझा ठेचा. रझिया खाला आणि मी दाराशी उभ्या राहून वाट बघत होतो, आता हा ठसकणार, नाचणार. तो ठेचा खाऊन गेला, चटणी खावी तसा. आणखी मागितला! पण भाकरीचा दुसरा घास तोंडात घातला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "लागलं, लागलं तिखट!" म्हणत तू त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबलास. त्यानं तो चघळला, डोळे पुसले, परत भाकरी मोडली, परत रडला. तू परत गूळ कोंबलास.

तिखटानं नव्हता गं रडत. भाकरीनं रडत होता. पण तोंडात एवढा गूळ असल्यावर माणूस सांगणार कसा?

जेवण झाल्यावर तू त्याला आंघोळीला पाठवलंस आणि आपल्या ट्रंकेतून बाबांचा पायजमा काढलास. मी बघत होते. तू तो क्षणभर मांडीवर ठेवलास, इस्त्री फिरवावी तसा हात फिरवलास आणि उठून मोरीच्या दारावर टाकून आलीस. बाबांचे कपडे तू तोवर कुणाला दिले नव्हतेस.

तो बाहेर आला तेव्हा मात्र मला तोंडात ओढणी कोंबावी लागली. बाबा बेताच्या उंचीचे. पायजमा त्याच्या गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबला होता. डोक्यावर खालांचा टॉवेल, अंगाला अत्तराचा घमघमाट. असा तो गिरणीत येऊन उभा राहिला, आणि समोरून आबाकाका आले, खांद्यावर पोतं घेऊन.

आबाकाकांनी त्याच्याकडं बघितलं. मग पायजम्याकडं बघितलं. त्या पायजम्याची नाडी त्यांच्या ओळखीची होती. पोतं खांद्यावरून सुटलं, शिवण उसवली आणि ज्वारी गिरणीभर पसरली.

"कमल! हे कोण?"

तू पदर डोक्यावर घेतलास. पीठ उडालं. "भाडेकरू हाय, भावजी. वरच्या खोलीत ऱ्हानार."

आई, मी उडालेच! त्याला ठेवून घ्यायचं हे मला माहीत नव्हतं, खालांना माहीत नव्हतं, खुद्द इद्रिसला माहीत नव्हतं. त्या क्षणापर्यंत तुला तरी माहीत होतं का गं?

"कवापासून?"

"आत्तापासून."

"तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? घरात पोरगी वयात आलेली. लोक काय म्हन्तील?"

"लोक बादल्या देऊन गेले, भावजी."

आबाकाकांना याचा अर्थ लागला नाही. त्यांचा आवाज चढला. झालं तेवढं पुरे, म्हणाले. उद्या सकाळी गिरणीला कुलूप. सामान बांधा. दोघी वैजापूरला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, आणि माझ्या हातातलं फिजिक्सचं पुस्तक घामानं ओलं झालं होतं. तू मोटारच्या पट्ट्याकडं बघत उभी होतीस.

आणि इद्रिस? इद्रिस गुडघ्यांवर बसून ज्वारी गोळा करत होता. कुणी सांगितलं नव्हतं. धान्य पायदळी जातंय, हे बघवेना म्हणून.

आबाकाका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "ए बाबा! किसके घर में घुस्या तू? किसका घर है ये, मालूम क्या?"

त्यानं मान वर केली. ओंजळ ज्वारीनं भरलेली. आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आय."

"काय?"

"आय," तो परत म्हणाला. "आय, आय."

तुझी मोटार तेवढी चालू होती. तू जाऊन ती बंद केलीस. मग म्हणालीस, "ऐकलं का? आईचं घर म्हन्तंय. आता आईच्या घरातनं लेकराला मी कसं काढू? माझ्यानं नाय व्हायचं. तुमी काढा, भावजी. धरा हात आन् काढा."

आजी, म्हणजे त्यांची आई, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आबाकाका तिचे लाडके. तिचं नाव निघालं की अजून घसा खाकरायचे. त्यांनी त्या ओंजळीकडं बघितलं. मग टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली.

"नीट भर म्हनावं," शेवटी ते मला म्हणाले. "खडे येतील."

मी दाराआड बसूनच घेतलं, आई.

पण हार मानतील ते आबाकाका कसले! "मी ऱ्हातो आठ दिवस. बघतो काय गुन उधळतंय," असं म्हणून त्यांनी आपली खाट वरच्या खोलीत इद्रिसच्या खाटेला आडवी घातली. राखणीला! इद्रिसला वाटलं, इकडं नव्या विद्यार्थ्याला बादलीबरोबर एक म्हातारा माणूसपण देतात.

पुढं मनमाडला जाऊन ट्रंक सोडवून आणली तीही आबाकाकांनीच. ती उघडली तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. सुटाबुटाचे कपडे, रेशमी कापड, खजुराचे डबे, चांदीची अत्तरदाणी! वडलांच्या तीन-चार मालमोटारी, डिंकाचा मोठा व्यापार. खालांनी ओढणी तोंडाला लावली. "ये गरीब है, तो हम क्या हैं गे माँ?" पण बादली परत मागितली नाही. "अब दी सो दी," म्हणाल्या.

आबाकाका आठ दिवसांनी वैजापूरला गेले तेव्हा इद्रिसला बैलांवर ओरडायच्या तीन शिव्या अगदी चोख येत होत्या. आणि आबाकाकांच्या कानात अत्तराचा फाया होता. त्या फायावरून काकूनं घरी जे रामायण केलं, ते आपल्याला पुढं दोन दिवाळ्या ऐकायला मिळालं! पण गिरणीला कुलूप घालायची भाषा काही परत निघाली नाही. मी बारावी झाले, बीएस्सी झाले, बीएड झाले. इद्रिस वर राहिला, शिकला, निकाल घेऊन गेला. जाताना खालांची बादली घेऊन गेला. विमानातून!

आता भांडणाचं.

काल मी त्याला म्हटलं, "इद्रिस, तुझ्या त्या एका 'आय'नं माझं शिक्षण वाचवलं बघ."

मग तो चाचरत म्हणाला, "शोभा... तेरे को आई ने कभी बोला नहीं?"

"काय?"

"हमारे उधर आय मतलब हाँ. मेरे को तो एक लफ्ज समझा नहीं था. बड़ा आदमी कुछ पूछ रहा है, तो हाँ बोलना, ये मेरी माँ ने सिखाया था. बस."

आई! आई, मी फोन हातात धरून बसले! त्यानं पुढचंही सांगितलं. महिन्याभरात त्याला घोटाळा कळला, तो घाबरला, तुला वाईट वाटेल म्हणून त्याला झोप येईना. एक दिवस तू गहू निवडत होतीस, तर समोर बसून त्यानं तुटक्या मराठीत सगळं कबूल केलं. आणि तू सूप खाली ठेवून पोट धरून हसलीस. म्हणालीस, "मला म्हाईतंय रं! च्या पितो का म्हटलं तरी आय, पानी तापवू का म्हटलं तरी आय. एवढं कळत नाय व्हय मला? भावजीला सांगू नको. आन् शोभीलाबी नाय. तिच्या पोटात काय ऱ्हात नाय."

माझ्या पोटात काही राहत नाही?

अगं, मी तो किस्सा शाळेत दरवर्षी नव्या वर्गाला सांगितला. माझ्या लेकीच्या बारशाला सांगितला. तू समोर बसलेली असायचीस, माझ्याकडं बघत, चेहरा असा, की जशी त्या गावचीच नव्हेस! तुझ्या दहाव्याला तर मी तो रडत रडत सांगितला. "परक्या देशातलं पोर पहिल्याच दिवशी आई म्हणालं," असं म्हटलं मी. सगळी गल्ली रडली, आई. समोरच्या बंगल्यातले म्हातारेही रडले. आता त्या सगळ्यांना मी काय सांगू? की तो फक्त हो म्हणाला होता?

मी चिडलेय हे इद्रिसला आवाजावरून कळलं. तो म्हणाला, तू गहू निवडताना त्याला आणखी एक गोष्ट सांगितलीस. "हो म्हनायचं असलं तर हो म्हन. आई म्हनायचं असलं तर नीट आई म्हन, ओढून." आणि तेव्हापासून तो ओढून म्हणायला लागला. "वो वाला झूठ नहीं था, शोभा," तो म्हणाला.

मग मला काही भांडता येईना.

तू शेवटी शेवटी दर रविवारी मला त्याचा जुना नंबर फिरवायला लावायचीस. टीव्हीवर तिकडच्या बातम्या लागल्या की उठून बसायचीस. नंबर लागायचा नाही आणि तू म्हणायचीस, "असंल कुठंतरी. चिवट हाय." आई, तो आहे. बायको आहे, मुलं आहेत, सगळे सुखरूप आहेत. घर गेलं, मालमोटारी गेल्या. आता ते कैरोमध्ये आहेत, दोन खोल्यांत. पण आहेत. हे तुला सांगायचं राहू नये म्हणून तर कागद घेतला.

आणि त्यानं फोन का केला होता, ते तर त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं. त्याच्या धाकट्या मुलीला आपल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. पुढच्या महिन्यात येतेय, एकटी. शंभर प्रश्न विचारायचे असल्यासारखा तो घुटमळत होता. मग म्हणाला, "ऊपर का कमरा... पहले घर में पूछ ले. मोहल्ले में भी पूछ ले. मैं उसका फोटो भेजता हूँ, देख लो सब लोग. फिर बोल."

आपल्या घरात इतकी वर्षं जेवलेला माणूस गं! तरी त्याला वाटतं, की आधी फोटो दाखवावा.

तुझा नातू वरच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढायचं म्हणत होता. त्याला आज सकाळीच सांगितलं, दुसरी जागा बघ. भिंतींना रंग लावून घेतेय. आणि आई, तुला वचन देते. मी इद्रिसला म्हटलं, फोटो पाठवायचा नाही, आणि मी तो मागणार नाही. ती उतरेल तिथं मी आधीपासून उभी असेन. जी पोरगी बाहेर येऊन थांबेल आणि कुठं बघावं हे जिला कळत नसेल, तिचा हात धरून घरी घेऊन येईन.

तुझी,
पोटात काही न राहणारी,
शोभी